नंबर घालून सांगितलेला वाघ

बांधवगडला जाणाऱ्यांसाठी पहिली सूचना: बुकिंग करताना ज्या ओळखपत्राचा नंबर दिला असेल तेच ओळखपत्र, मूळचं, बरोबर न्या. झेरॉक्स चालत नाही. त्याच माणसाचं दुसरं कार्डही चालत नाही. ही सूचना आज माझ्या वहीत सगळ्यात वर आहे. आम्ही गेलो तेव्हा नव्हती.

वहीची सवय मला नोकरीने लावली. जबलपूरच्या एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये मी सव्वीस वर्षं आहे. तिथे प्रत्येक वस्तूला नंबर असतो आणि प्रत्येक नंबराला फळी असते. विजय नगरच्या आमच्या घरातही बरंचसं तसंच आहे. माझे यजमान त्याच कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसमधून निवृत्त झाले. पुढे जिथे नुसतं 'हे' लिहीन तिथे तेच समजावेत. सुईच्या टोकाएवढी रेघ चुकली तरी ह्यांना दिसायची, आणि माझ्या याद्या पाहून ते म्हणायचे की देवाने तुला जन्माला घातलं तेव्हा पावती मागितली असशील.

वहीच्या शेवटच्या पानावर 'निवृत्तीनंतर' अशी एक यादी होती. तिच्यात पहिल्या नंबरावर 'वाघ' होता. जबलपूरहून कान्हा, पेंच, बांधवगड, सगळं अर्ध्या दिवसाच्या अंतरावर. पुण्या-नागपूरचे पाहुणे आमच्याकडे उतरतात, भेडाघाटला नावेत बसतात, मग वाघ पाहायला जातात आणि परत येऊन आम्हाला सांगतात. आम्ही चहा देतो आणि ऐकतो. मुलाची बारावी, सासूबाईंचं आजारपण, माझं ऑडिट. दर वर्षी मी तो नंबर पुढे ढकलला. ह्यांनी दोन-तीनदा विषय काढला होता. मी म्हणायची, निवृत्तीनंतर आहे ना तो.

निवृत्तीनंतर दहा महिन्यांनी, दिवाळीच्या सुमारास, हे पेपर वाचताना म्हणाले की आजकाल मधली अक्षरं छापतच नाहीत. उजव्या डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग गेलेला होता. डावाही त्याच वाटेवर होता. किती दिवस, असं मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, काही महिने. पूर्ण अंधार होणार नाही, कडेचं दिसत राहील. मग ह्यांच्याकडे वळून म्हणाले, "जो देखना है, देख लीजिए."

त्या संध्याकाळी मी नवीन पान उघडलं आणि ह्यांना विचारलं, काय काय पाहायचंय. बराच वेळ विचार करून हे म्हणाले, "वाघ लिही. बाकी सगळं पाहून झालं."

मी नोव्हेंबरात बसून फेब्रुवारीचं बुकिंग केलं. ह्यांच्या ओळखपत्राच्या जागी ड्रायव्हिंग लायसन्सचा नंबर टाकला, कारण ते पाकिटात होतं आणि पाकीट टेबलावर होतं.

पहिला दिवस: कुंडम, घुघवा

कुंडम, शहपुरा, उमरिया असा रस्ता आहे. आभाळ सकाळपासून भरलेलं होतं आणि पडत काही नव्हतं. गाडी भाड्याची, ड्रायव्हर शिवप्रसाद नावाचे पन्नाशीचे गृहस्थ. कुंडमला त्यांनी चहासाठी गाडी थांबवली, तेव्हा मी मागून डबा काढला. दशम्या, तिळाची चटणी, लिंबाचं लोणचं. शिवप्रसादजी दुकानदाराला म्हणाले की मराठी सवारी मिळाली की ढाबेवाल्यांचा उपास असतो. मी त्यांनाही दोन दशम्या दिल्या. त्यांनी चार खाल्ल्या, आणि दुसऱ्या दिवशीही ते डब्याची चौकशी माझ्या आधी करत होते.

शहपुऱ्याच्या पुढे घुघवा आहे. इथे वाघ नाही, हरीण नाही. इथे दगड झालेली झाडं आहेत. कुंपणाच्या आत, गवतात आणि चौथऱ्यांवर, ताडाचे बुंधे पडलेले आहेत आणि ते पूर्ण दगडाचे आहेत. साल दिसते, गाठी दिसतात, उचलायला जावं तर हलत नाही. कोट्यवधी वर्षांपूर्वी इथवर समुद्र होता म्हणे. त्या दिवशी आमच्याशिवाय कोणी नव्हतं. राखणदार मफलर गुंडाळून आमच्या मागे फिरत होता.

ह्यांची पाहण्याची पद्धत इथे सांगून ठेवते. जिथे नजर लावावी तेच नाहीसं होतं, म्हणून हे थोडं बाजूला पाहतात. मग हवी ती गोष्ट कडेला येऊन उभी राहते. माझ्याशी बोलताना हे आता माझ्या कानामागे पाहतात. पहिल्यांदा मी वळून पाहिलं होतं, मागे कोण आहे म्हणून.

घुघव्याला ह्यांनी तेही सोडून दिलं. एका आडव्या कापलेल्या बुंध्याजवळ बसले आणि विचारलं, हात लावू का. राखणदाराने मान डोलावली, ती ह्यांना दिसली नाही, म्हणून मी सांगितलं, लावा. हे बोटाने दगडावरून सावकाश फिरत राहिले.

"रेघा लागून राहिल्या बोटाला," हे म्हणाले. "बघ, किती बारीक. एकात एक गेली नाही कुठे."

मी घड्याळ पाहिलं. वहीप्रमाणे घुघव्याला पाऊण तास होता आणि तो होऊन गेला होता. मी तसं बोलले नाही, पण घड्याळ पाहिलं हे त्यांना कळलं असावं. हे उठले.

ताल्याला पोचलो तेव्हा चार वाजले होते. ताला म्हणजे जंगलाच्या दारातलं गाव. दुकानांत वाघाच्या चित्राचे टी-शर्ट टांगलेले होते. लॉजच्या अंगणातून पाहिलं तर झाडांच्या वर किल्ल्याचा डोंगर उभा होता. वरून सपाट, कडे सरळ कापलेले, दगड काळपट, मध्येच गिधाडांच्या विष्ठेचे पांढरे ओघळ. ढगांमुळे तो जवळ सरकल्यासारखा वाटत होता. मी ह्यांना विचारलं, दिसतो का.

"अख्खा दिसतो," हे म्हणाले. "मोठ्या गोष्टींचं बरं असतं."

दुसरा दिवस, सकाळ: ताला गेट

उजाडायच्या आधी गेटवर जावं लागतं. थंडी हाडांत शिरते. लॉजवाले ब्लँकेट देतात, ते नाकारू नका. उघड्या जिप्सी गाड्या रांगेत लागलेल्या असतात, गाइड कानटोप्या घालून उभे असतात. कोणी मोठ्याने बोलत नाही. आपल्याकडे देवळाच्या रांगेत असते त्यापेक्षा जास्त शांतता इथे होती.

खिडकीवर मी फाइल दिली. माझं आधार, ह्यांचं आधार, पेन्शनचं कार्ड, सगळ्याच्या झेरॉक्स, कप्पेवार. खिडकीतल्या माणसाने माझ्या नावापुढे खूण केली. ह्यांच्या नावावर थांबला. "मैडम, सर का डीएल नंबर डला है. डीएल दिखाइए."

त्या क्षणी मला सगळं आठवलं, आणि मी तोंड उघडायच्या आत ह्यांनी पाकीट काढलं.

"है ना भैया. पाकीट में ही रहता है."

आता डिसेंबरचं सांगायला हवं. दीक्षितपुऱ्यात ह्यांच्या मोठ्या भावाचं घर आहे. तिथल्या गल्लीत ह्यांची स्कूटर एका भाजीच्या हातगाडीला घासली. कोणाला लागलं नाही. थोडे टोमॅटो सांडले, तेवढंच. घरी येऊन हे काही बोलले नाहीत आणि मीही बोलले नाही. ह्यांच्याकडे स्कूटरची किल्ली मागणं मला जमेना. दुसऱ्या दिवशी हे आंघोळीला गेले तेव्हा मी पाकिटातून लायसन्स काढलं, लोखंडी कपाटाच्या आतल्या खणात ठेवलं आणि कुलूप लावलं. लायसन्स नाही हे लक्षात आलं की विचारतील, मग सांगू, असा माझा हिशोब होता. ह्यांनी कधीच विचारलं नाही. स्कूटर गच्चीखाली तशीच उभी राहिली, आणि माझी तजवीज लागू पडली असं मी धरून चालले. वहीत त्याची नोंद केली नव्हती. करण्यासारखी ती गोष्ट नव्हती.

खिडकीसमोर ह्यांनी पाकिटाच्या डाव्या कप्प्यात बोट घातलं. मग पुन्हा. मग उजव्या. मग सगळे कागद काढून तळहातावर घेतले आणि एकेक डोळ्याजवळ नेऊन बाजूला पाहत तपासले. मागे रांग होती. कोणीतरी म्हणालं, गिर गया होगा. हे खाली वाकले आणि मातीत हाताने चाचपू लागले.

"अहो," मी म्हणाले, "ते घरी आहे. कपाटात. मी काढून ठेवलंय."

हे वाकलेलेच होते. "कधी?"

"डिसेंबरात."

"काहून?"

हे सरळ उभे राहिले, हाताची माती झटकली आणि माझ्या कानामागे पाहिलं.

"स्कूटर तर मी आपणहून सोडली होती, सुनंदा. हातगाडीच्या दिवशीच."

खिडकीतला माणूस सभ्य होता. म्हणाला, नियम आहे, माझ्या हातात नाही. फोनवर सरकारी ॲपमध्ये लायसन्स असेल तर दाखवा. ते ॲप आमच्याकडे नव्हतं, आणि गेटवर नेटवर्कही नव्हतं. जबलपूरला जाऊन येण्याइतका वेळ तर नव्हताच. मी म्हणाले, मीही जात नाही, परत जाऊ.

"तू जा," हे म्हणाले.

"मी एकटी जाऊन काय करू?"

"जा म्हणतो ना. मला जरा एकटं बसू दे."

लग्नाला एकतीस वर्षं झाली, हे वाक्य मी कधी ऐकलं नव्हतं. मी गेले.

जिप्सीत रायपूरचं एक कुटुंब होतं. नवरा, बायको आणि त्यांची कॉलेजातली मुलगी, गळ्यात मोठा कॅमेरा घेतलेली. माझ्या शेजारची सीट ह्यांची. तिच्यावर मी ह्यांचं ब्लँकेट ठेवलं. गाइडचं नाव मुन्ना बैगा. त्याने रिकाम्या सीटकडे पाहिलं आणि काही विचारलं नाही.

जंगलाचं थोडं सांगते, नाहीतर हा लेख बांधवगडचा राहणार नाही. आधी साल जातीची उंच सरळ झाडं, मग बांबू, मग एकदम उघडं गवताळ मैदान आणि त्याच्या पलीकडे वाळूच्या दगडाचे कडे. त्या कड्यांत माणसांनी खोदलेल्या गुफा आहेत, फार जुन्या. चौकोनी दारं, आत खांब, आत अंधार. कोणी खोदल्या, का सोडल्या, विचारलं तर मुन्ना म्हणाला, पहले वो रहते थे, अब ये रहते हैं. वर, डोंगराच्या कुशीत, शेषशायी विष्णू आहे. एका दगडात कोरलेला, दहा-बारा माणसं ओळीने झोपतील एवढा लांब. पायाशी झरा निघतो. समोर हिरवट पाण्याचं कुंड आहे आणि मूर्तीवर शेवाळ चढलंय. आपल्याकडे असं काही असतं तर नारळाची दुकानं लागली असती. इथे पाण्याचा आवाज होता, आणि मुन्ना आम्हाला घाई करत होता. मला वाटलं, ह्यांना हा दिसला असता. मोठा आहे.

उतरताना, गुफांच्या खाली, वाघ दिसला. त्याचं वर्णन इथे करत नाही. ते मी जिथे केलं तिथे येईल.

परतीच्या रस्त्यावर मुन्नाने माझं अभिनंदन केलं. म्हणाला, दीदी, इतना पास से तो महीनों में मिलता है. ब्लँकेटवर धूळ बसली होती. मी ते झटकलं, घडी घातली, आणि ठरवलं.

गेटसमोर एक चहाची टपरी आहे, बाकडं आहे. हे चार तास तिथे बसले होते. टपरीवालीने ह्यांना भजी खाऊ घातली होती आणि हिशोब दीदी आएगी तब असा ठेवला होता. माझ्या चपलेचा आवाज ओळखून ह्यांनी मान वर केली.

"दिसला?"

"नाही," मी म्हणाले. "हरणं होती. एक मोर. विष्णूची मूर्ती चांगली आहे."

ह्यांनी बाकावर सरकून मला जागा दिली.

"चलो," हे म्हणाले, "म्हणजे दोघं सारखेच."

दुसरा दिवस, दुपार: बफर

जंगलाच्या कडेच्या भागाला बफर म्हणतात. तिथे आयत्या वेळी जागा मिळू शकते आणि आधार चालतं. मी जेवण सोडून त्याच्या मागे लागले आणि दोन सीट मिळवल्या. गेटवर हे स्वतः पुढे झाले, आधार स्वतः दिलं आणि स्वतः परत घेऊन शर्टाच्या खिशात ठेवलं. मी फाइल काढलीच नाही.

दुपारची गाइड एक बाई होती, खाकी गणवेशातली, चाळिशीची. गावातून जंगलाकडे वळताना रस्त्याच्या कडेला दगडांचा एक ढीग होता. कधीकाळी वाघाने तिथे माणूस मारला होता. तेव्हापासून जाणारा-येणारा एकेक दगड ठेवतो, पुढे जाणाऱ्याला काही होऊ नये म्हणून. आपल्याकडे गेलेल्याच्या नावाने पान वाढतात, पाणी सोडतात. दगड ठेवायची पद्धत मी पहिल्यांदा पाहिली. ह्यांनी उतरायचं म्हटलं. हाताला लागेल तो दगड घेतला, ढिगाच्या कडेला ठेवला, आणि तो घसरत नाही ना हे तळव्याने दाबून पाहिलं.

तीन तास फिरलो. आभाळ खाली आलेलं होतं. सेमलाची, म्हणजे आपल्या काटेसावरीची, झाडं पानांवाचून उभी होती आणि फुलं खाली धुळीत पडली होती. एका वळणावर गाइडने गाडी बंद करायला लावली. वाटेच्या वाळूवर पंजे उमटलेले होते, ताजे. सगळे वाकून पाहत होते तेव्हा हे डाव्या बाजूला कान लावून बसले होते. "तिकडे," हे म्हणाले. आणि खरंच, त्याच बाजूने सांबर ओरडलं. एकदा, मग पुन्हा. गाइडने ह्यांच्याकडे आदराने पाहिलं. सांबराने असा आवाज दिला की वाघ जवळ असतो.

आम्ही थांबलो. हे सीटवर उभे राहिले, दोन्ही हात लोखंडी दांडीवर. नजर मुद्दाम बाजूला लावलेली, म्हणजे तो आलाच तर कडेला येऊन उभा राहावा. मी देवाचं नाव सहसा घेत नाही. त्या अर्ध्या तासात घेतलं. सांबर पुन्हा ओरडलं नाही. एक रानकोंबडा वाट ओलांडून गेला. प्रकाश कमी झाला, मागच्या गाडीने दिवे लावले, आणि गाइड म्हणाली, वेळ संपली.

ती ह्यांची समजूत घालायला म्हणाली, "आपको नहीं दिखा तो क्या, सर. उसने तो आपको देख लिया होगा."

"चलो," हे बसत म्हणाले, "किसी को तो दिखा."

लॉजवर जेवण सात वाजता होतं. कोदोचा भात, तुरीचं वरण, टोमॅटोची चटणी. कोदो आपल्या वरीच्या जवळचा, पण जास्त कोरडा. वरण भरपूर घ्यावं. मी ह्यांना ताटात काय कुठे आहे ते घड्याळाच्या काट्यांप्रमाणे सांगत होते, तेवढ्यात रायपूरची ती मुलगी शेजारच्या टेबलावरून उठून आली. हातात फोन होता.

"आंटी, सुबह की फोटो आपको भेज दूँ? आप भी आई हैं टाइगर के साथ."

ह्यांनी घास खाली ठेवला.

"दिखाओ बेटा," हे म्हणाले. मुलीने फोन पुढे केला. हे त्याच्या बाजूला पाहत राहिले. "मुझे ठीक से नहीं दिखता. तुम बता दो, क्या है इसमें."

तिने चांगल्या मनाने सांगितलं. अंकल, टाइगर गुफा के आगे खड़ा है, बहुत बड़ा. और इधर कोने में आंटी हैं. "आंटी तो खड़ी हो गई थीं. हँस रही हैं, बच्चों जैसी."

"अच्छा," हे म्हणाले. "अच्छी फोटो है."

मुलगी गेली. ह्यांनी वरण-भात कालवला आणि ताट संपवलं. अन्न टाकायची ह्यांना सवय नाही. मी म्हणाले की मला वाटलं, तुम्हाला वाईट वाटेल. हे म्हणाले, हो, वाटलं असतं. त्यानंतर त्या दिवशी आम्ही बोललो नाही.

तिसरा दिवस: परत

सकाळी बारीक पाऊस लागला. किल्ल्याचा डोंगर ढगात गेलेला होता. तो ह्यांनाही दिसला नाही आणि मलाही. उमरिया मागे पडलं. शिवप्रसादजींना काहीतरी झालंय एवढं कळलं असावं, कारण ते डब्याबद्दल विचारत नव्हते.

शहपुऱ्याच्या अलीकडे हे काचेकडे तोंड करून म्हणाले, "सांग."

"काय?"

"वाघ. तुझ्या पद्धतीने सांग. नंबर घालून. वाढवू नको, कमी करू नको."

मी वही काढली, कोरं पान घेतलं, आणि लिहीत लिहीत सांगितलं.

एक. तो गुफेच्या दारात उभा होता. दार चौकोनी, माणसांनी कोरलेलं.

"दाराच्या मानाने केवढा?" हे म्हणाले.

उंचीला निम्मा. लांबीला दारापेक्षा जास्त. मागचा भाग आत अंधारात होता.

दोन. रंग चित्रातल्यासारखा भडक नाही. ओला वाळूचा दगड असतो तसा. म्हणून आधी कोणालाच दिसला नाही. मुन्नाने बोट दाखवलं तरी मी दगडच पाहत होते.

तीन. मग दगडाने कान हलवला.

चार. पट्टे.

"समांतर आहेत?"

नाहीत. डाव्या-उजव्या बाजूचे जुळतही नाहीत. काही मध्येच तुटतात.

"ड्रॉइंग रिजेक्ट," हे म्हणाले, आणि कालपासून पहिल्यांदा त्यांच्या आवाजात काहीतरी हललं.

पाच. तोंडाभोवतीचं पांढरं मळलेलं होतं. सहा. तो खाली उतरला तेव्हा एकही दगड वाजला नाही. सात. वास आला. ओल्या गोणपाटाचा आणि जुन्या तुपाचा, दोन्ही. आठ. तो जिप्सीसमोरून गेला, दोन स्कूटर उभ्या करता येतील एवढ्या अंतरावरून. स्कूटर म्हटल्यावर मी थांबले. हे म्हणाले, पुढे. नऊ. चालताना खांद्याची हाडं एकेक करून वर येत होती, कातडीखाली. दहा. पोट लोंबत होतं, म्हातारा असावा. एका डोळ्यात पांढरं होतं.

हे वळले. "खरं?"

"वाढवून नाही सांगत. मुन्ना पण म्हणाला, एक आँख से कम देखता है."

"कोणता?"

"उजवा."

हे पुन्हा काचेकडे वळले. वायपर चालू होता. मग म्हणाले, पुढचा नंबर.

अकरा. बांबूत शिरताना त्याने मान वळवली नाही. बांबू हलले, मग थांबले, आणि संपलं.

"बस?"

"बस," मी म्हणाले.

घरी पोचल्यावर मी कपाट उघडलं, लायसन्स काढलं आणि पाकिटाच्या डाव्या कप्प्यात परत ठेवलं, ह्यांच्या समोर, ह्यांना सांगून. त्याचा आता काही उपयोग नाही. तरी हे बाहेर निघताना त्या कप्प्यावरून एकदा अंगठा फिरवतात. गेल्या महिन्यात डावा डोळाही मधून गेला. पाहुणे आले की हे वाघाचं सांगतात, माझ्यासारखंच, नंबर घालून, आणि पट्टे रिजेक्ट झाले इथे सगळे हसतात. पाहिला नाही हेही सांगतात. म्हणतात, आमच्या घरात पाहायचं काम हिच्याकडे आहे.

वहीत अकराच नंबर आहेत. बारावा मी गाडीत सांगितला नाही. कमी करू नको असं ह्यांनी म्हटलं होतं, तरी कमी केला. बारावा असा: दगडाने कान हलवला तिथपासून बांबू थांबेपर्यंत, शेजारच्या सीटवर नुसतं ब्लँकेट आहे हे मला एकदाही आठवलं नाही. ह्यांना मी गेटवर सोडून आलेय, कोणामुळे सोडून आलेय, काही आठवलं नाही. मी उभी होते आणि हसत होते.

ह्यांनी त्याबद्दल कधी विचारलं नाही. हा लेख ह्यांना मीच वाचून दाखवणार आहे, दुसरं कोण दाखवणार. या परिच्छेदाशी आले की हे माझ्या कानामागे पाहत असतील. माझा चेहरा ह्यांना तिथूनच दिसतो.